तोंडातल्या आम्लाचा माग काढणारे डॉ. मिलर

दाताला कीड लागली, असे आपण आजही म्हणतो. दात पोखरणारा किडा खरोखरच असतो, अशी समजूत अनेक देशांत शतकानुशतके होती. दात पोखरते ते तोंडातच तयार होणारे आम्ल, हे प्रयोग करून दाखवले विलोबी डेटन मिलर या अमेरिकी दंतवैद्याने.

मिलर यांचा जन्म १८५३ मध्ये ओहायो राज्यातला. दंतवैद्यक हा त्यांचा मूळ विषय नव्हताच. मिशिगन विद्यापीठातून १८७५ मध्ये पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी ते युरोपात गेले. आजारपण आणि पैशांची ओढाताण यांत सापडले असताना बर्लिनमधले अमेरिकी दंतवैद्य डॉ. अ‍ॅबट यांनी त्यांना आधार दिला. तिथेच या विषयाची गोडी लागली. फिलाडेल्फियाला जाऊन १८७९ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली, बर्लिनला परतले आणि अ‍ॅबट यांचे जावई झाले. १८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठाने या परदेशी माणसाला प्राध्यापक नेमले. जंतुशास्त्र ते शिकले रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत.

त्यांचा गाजलेला प्रयोग अगदी साधा होता. काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात, शरीराच्या तापमानाला ठेवले. काही काळाने दातांतील खनिज विरघळून ते मऊ पडले. पावाऐवजी चरबी घातली तेव्हा तसे झाले नाही. लाळ आधी उकळून घेतली, तेव्हाही नाही. म्हणजे पिष्टमय पदार्थ हवेत आणि जिवंत जंतूही हवेत. जंतू पिष्ट-साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. १८९० मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. दातावर चिकटून बसणाऱ्या जंतूंच्या थराला मात्र त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. ते काम पुढे ब्लॅक आणि विल्यम्स यांनी केले.

मिलर यांच्या शोधाचा एक अर्थ रुग्णांच्या सहसा लक्षात येत नाही. खड्डा भरला म्हणून आम्ल तयार होणे थांबत नाही. ते आता भरलेल्या सिमेंटवरही काम करू लागते. त्या काळचे झिंक फॉस्फेटचे सिमेंट तोंडात हळूहळू झिजून जाई. आजचे ग्लास आयोनोमर त्याहून टिकाऊ आहे, शिवाय फ्लोराइड सोडते. तरीही वारंवार आम्ल लागले की त्याचा वरचा थर विरघळतो, आतले काचेचे कण उघडे पडतात आणि जिभेला खरखर जाणवते. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट आम्लाला अधिक दाद देत नाही, पण त्याचीही चकाकी आणि कठीणपणा कालांतराने कमी होऊ शकतो. खरखरीत पृष्ठभागावर जंतूंचा थर लवकर बसतो आणि फिलिंगच्या कडेने दात पुन्हा किडतो.

तोंडाचा सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लिंबाचा रस आणि कोला यांचा सामू अडीचच्या आसपास असतो. घोट घोट करत तासभर कोला पिणाऱ्याचे, रोज रात्री आंबट पाणी घशाशी येणाऱ्याचे किंवा औषधांमुळे तोंड कोरडे पडलेल्याचे फिलिंग लवकर खराब झाले, तर दोष दरवेळी दंतवैद्याचा नसतो. आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. ब्रश अर्ध्या तासाने करावा. पित्ताच्या त्रासावर वेगळे उपचार घ्यावेत.

ब्रशबद्दल मिलर यांनीही बरेच काम केले होते. दातांच्या झिजेवरचा त्यांचा प्रदीर्घ लेख १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. जोरात घासणे आणि भरड दंतमंजन यांनी दात कसे झिजतात, हे त्यांनी त्यात प्रयोगांनी दाखवले होते. त्याच वर्षी मिशिगनच्या दंत महाविद्यालयाची धुरा घेण्यासाठी ते मायदेशी आले होते. पण तिथे रुजू होण्याआधीच, जुलैमध्ये, ओहायोत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर ते गेले. वय होते ५३.