तिसरे सालारजंग (मीर यूसुफ अली खान)

नवाब मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग (जन्म : पुणे, १३ जून १८८९, मृत्यू : हैदराबाद, २ मार्च १९४९) हे हैदराबाद संस्थानातील एक प्रमुख जहागीरदार, काही काळ त्या संस्थानाचे दिवाण आणि भारतातील अग्रगण्य कलावस्तुसंग्राहक होते. शस्त्रे, नक्षीदार मुठींच्या सुऱ्या व खंजीर, जेडच्या वस्तू, हस्तलिखिते, चित्रे, मूर्ती, घड्याळे आणि चिनी मातीची भांडी यांचा त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे संग्रह केला. त्या संग्रहातून हैदराबाद येथील सालारजंग संग्रहालय उभे राहिले. सालारजंग घराण्याची एक जहागीर औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात अजिंठा येथे होती. त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासातही या घराण्याचे नाव वारंवार येते.

घराणे

हैदराबाद संस्थानाच्या दिवाणपदावर या घराण्यातील पुरुष अनेकदा आले. त्यांतील सर्वांत ख्यातनाम म्हणजे यूसुफ अली खान यांचे आजोबा मीर तुराब अली खान, अर्थात पहिले सालारजंग (१८२९–१८८३). ते १८५३ पासून मृत्यूपर्यंत दिवाण होते. महसूल, न्याय व पोलीस खात्यांची नवी घडी त्यांनी बसविली आणि १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी अमलात आणली. मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या प्रशासनाची आधुनिक रचना याच सुधारणांपासून सुरू होते.

पहिल्या सालारजंगांनाही कलावस्तूंची आवड होती. १८७६ मध्ये युरोपच्या प्रवासात त्यांनी रोम येथे इटालियन शिल्पकार बेन्झोनी यांचे बुरख्यातील रिबेकाचे संगमरवरी शिल्प विकत घेतले. दगडातून कोरलेला झिरझिरीत पदर आणि त्याआडून दिसणारा चेहरा यांमुळे हे शिल्प आजही संग्रहालयाचे मुख्य आकर्षण आहे. नातवाच्या संग्रहाची सुरुवात अशा रीतीने आजोबांच्या खरेदीपासून होते.

जन्म व बालपण

दुसरे सालारजंग, मीर लायक अली खान, हे १८८४ ते १८८७ या काळात दिवाण होते. पद सोडल्यानंतर त्यांचे वास्तव्य काही काळ पुण्यात होते. तेथेच यूसुफ अली खान यांचा जन्म झाला. मुलगा एक महिन्याचा होण्यापूर्वीच, जुलै १८८९ मध्ये, ऐन तारुण्यात वडिलांचे निधन झाले. वडिलांचा सहवास न लाभलेल्या या मुलाकडे घराण्याचा एकमेव वारस म्हणून सर्वांचे लक्ष लागले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याच्या पालनपोषणाकडे लक्ष पुरविले. वारस सज्ञान होईपर्यंत जहागिरीचा कारभार सरकारी देखरेखीखाली राहिला. त्यांचे शिक्षण हैदराबाद येथे झाले.

दिवाणपद

१९११ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले. पुढच्याच वर्षी महाराजा किशनप्रसाद यांच्या जागी त्यांनी यूसुफ अली खान यांची दिवाणपदी नेमणूक केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे २३ वर्षांचे होते. आजोबांचा लौकिक मोठा असल्याने त्यांच्याकडून अपेक्षाही मोठ्या होत्या. तथापि नव्या निजामांना कारभाराची सूत्रे आपल्याच हाती हवी होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये यूसुफ अली खान पदावरून दूर झाले आणि त्यानंतर काही वर्षे निजामांनी दिवाणाशिवाय राज्य चालविले. पंचविशीतच राजकारणातील त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. पुढील आयुष्याचा बहुतेक वेळ आणि जहागिरीच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी संग्रहासाठी दिला.

संग्राहक म्हणून कार्य

सालारजंगांचे निवासस्थान 'दिवाण देवडी' या नावाने ओळखले जाई. देशातील व परदेशातील व्यापारी तेथे वस्तू घेऊन येत. युरोपच्या प्रवासात ते स्वतः दुकाने व विक्रेते धुंडाळीत. त्यांनी स्वतःला एका प्रदेशापुरते, एका धर्मापुरते किंवा एका कालखंडापुरते मर्यादित ठेवले नाही. फारसी व अरबी हस्तलिखिते, दक्षिण भारतातील कांस्यमूर्ती, मोगल व दख्खनी लघुचित्रे, बिदरी काम, युरोपीय तैलचित्रे, चीन व जपान येथील भांडी, हस्तिदंती खुर्च्या, बाहुल्या आणि घड्याळे असा अफाट पसारा त्यांनी जमविला. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीकडून आलेले वाद्यघड्याळ आजही दर तासाला प्रेक्षकांची गर्दी खेचते. त्यातील एक छोटी आकृती बाहेर येऊन घंटेवर टोले देते.

संग्रहाची ही व्याप्ती टीकेचाही विषय झाली आहे. अभिजात कलाकृती आणि केवळ नवलाईच्या वस्तू त्यात शेजारी शेजारी आढळतात. मात्र एका व्यक्तीच्या आवडीचा असा समग्र आलेख अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो.

सुऱ्या, खंजीर आणि त्यांच्या मुठी

संग्रहातील शस्त्रविभाग व जेडविभाग अभ्यासकांना विशेष महत्त्वाचे वाटतात. औरंगजेब, महंमदशाह, टिपू सुलतान व बहादूरशाह यांच्याशी संबंधित मानली जाणारी शस्त्रे त्यांत आहेत. त्यांहून नाजूक अशा दोन वस्तू जेडविभागात आहेत : बादशाह जहांगीर यांचा शिकारी सुरा आणि नूरजहान यांची फळे कापण्याची रत्नजडित सुरी. शाहजहान यांचे नाव धारण करणारी तिरंदाजीची अंगठी आणि अल्तमश यांच्या नावाची, तेराव्या शतकाच्या आरंभीची जेडची रेहल, म्हणजे ग्रंथ ठेवण्याची घडवंची, याच विभागात आहे.

जेड या दगडाला फारसीत यशब म्हणतात. तो इतका चिवट असतो की पोलादी हत्याराने कोरला जात नाही. कुरुंदासारख्या कठीण खड्याची पूड पाण्यात कालवून, ती चाकावर किंवा तारेवर घेऊन तो घासत घासत आकारास आणावा लागतो. तयार मुठीत खाचा पाडून त्यांत शुद्ध सोन्याची पाने दाबून बसवितात आणि त्यांच्या आधारे रत्ने जडवितात. या पद्धतीस कुंदन म्हणतात. एका मुठीमागे कारागिराचे कित्येक महिन्यांचे श्रम असत. म्हणून अशी सुरी कापण्यासाठी कमी आणि मान दर्शविण्यासाठी अधिक वापरली जाई. दरबारी पोशाखात कमरेला खोवलेला खंजीर पाहून त्या व्यक्तीचा दर्जा कळत असे.

शिकारीच्या व रोजच्या वापराच्या सुऱ्यांचा विचार वेगळा होता. त्यांची मूठ हाताला घट्ट बसणारी आणि घामाने वा रक्ताने न निसटणारी हवी असे. सांबराच्या शिंगाची मूठ यासाठी उत्तम समजली जाई. सांबराचे शिंग दरवर्षी गळून नवे येते, आतून भरीव असते आणि त्याचा पृष्ठभाग मुळातच खरखरीत असतो. भारतातील हे शिंग जहाजांनी इंग्लंडमधील शेफील्डच्या सुरीकारांपर्यंत जाई आणि तेथील शिकारी सुऱ्यांच्या मुठींना लावले जाई. याशिवाय हस्तिदंत, गेंड्याचे शिंग, समुद्री प्राण्यांचे दात, चांदी आणि सोन्याच्या तारेचे कोफ्तगरी काम केलेले पोलाद यांच्याही मुठी होत.

पात्यांच्या बाबतीत हैदराबाद संस्थानाला स्वतःची परंपरा होती. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम हे गाव मुशीत वितळवून केलेल्या पोलादासाठी प्रसिद्ध होते. बंद मुशीत लोखंड व कर्ब यांचा संयोग घडवून केलेल्या या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. ती वरून काढलेली नसून धातूच्या अंतर्रचनेतून येते. इराणचे व्यापारी हे पोलाद विकत घेण्यासाठी या गावी येत. इंग्रजांच्या कारखान्यांतील स्वस्त पोलाद बाजारात आल्यावर हा धंदा एकोणिसाव्या शतकात मावळत गेला. सालारजंग शस्त्रे जमवीत होते त्या काळात ती घडविणारे हात दुर्मीळ होऊ लागले होते. त्यामुळे संग्रहातील शस्त्रे ही त्या लुप्त कौशल्याचा पुरावा ठरतात.

अजिंठा जहागीर आणि मराठवाडा

औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठा हे गाव सालारजंग घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. जगप्रसिद्ध लेणी या गावापासून काही अंतरावर वाघूर नदीच्या खोऱ्यात आहेत. यूसुफ अली खान दिवाणपदावर होते त्याच काळात, १९१४ मध्ये, संस्थानाचे पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. पुढे त्या खात्याने इटलीहून तज्ज्ञ बोलावून लेण्यांतील चित्रांच्या जतनाचे काम करून घेतले. त्या जतनकार्याचे श्रेय संस्थानाच्या शासनाकडे जाते. जहागीरदार म्हणून सालारजंगांचा संबंध गावाच्या महसुलाशी होता.

जहागिरीच्या या उत्पन्नाची दुसरी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. संग्रहासाठी लागणारा पैसा मराठी, तेलुगू व कन्नड भाषक रयतेच्या शेतसाऱ्यातून येत असे. जहागिरी गावांतील शिक्षण व आरोग्याच्या सोयी तोकड्या होत्या. संस्थानात जहागीरदारीविरुद्ध असंतोष वाढत गेला आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात तो प्रकट झाला. संग्रहाचे मोल ठरविताना त्याच्या किमतीचा हा भागही हिशेबात धरावा लागतो.

मृत्यू आणि संग्रहाचे भवितव्य

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४९ रोजी, तिसऱ्या सालारजंगांचे निधन झाले. हैदराबाद येथील दायरा मीर मोमिन या दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले. ते अविवाहित होते. थेट वारस नसल्याने हजारो वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मृत्यूबरोबरच उभा राहिला. नातेवाइकांत वाटणी झाली असती, तर संग्रह विखुरला असता आणि त्यातील बऱ्याच वस्तू परदेशी बाजारात गेल्या असत्या.

शासनाने मालमत्तेच्या देखभालीसाठी समिती नेमली. संस्थानाचे मुख्य नागरी प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी हा संग्रह लोकांसाठी खुला करण्याच्या कल्पनेस चालना दिली. कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे वस्तूंच्या मांडणीचे काम सोपविण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते दिवाण देवडीतच संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जेथे पूर्वी निमंत्रितांनाच प्रवेश होता, त्या दालनांत सर्वसामान्य नागरिक वावरू लागले.

मालकीचा प्रश्न मात्र आणखी काही वर्षे रेंगाळला. अखेर कुटुंबीयांच्या संमतीने तडजोड झाली आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयाच्या आधारे डिसेंबर १९५८ मध्ये संग्रहालय भारत सरकारकडे आले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. १९६८ मध्ये ते मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सध्याच्या इमारतीत हलविण्यात आले.

वारसा

सालारजंग संग्रहालयात चाळीस हजारांहून अधिक कलावस्तू व मोठे ग्रंथालय आहे. वैयक्तिक संग्रहातून निर्माण झालेल्या जगातील मोठ्या संग्रहालयांत त्याची गणना होते. महाराष्ट्रात याच प्रकारचे कार्य पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी केले. ते व्यवसायाने चष्म्यांचे व्यापारी होते आणि त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, वाद्ये अशा घरगुती वस्तू जमविल्या. एकामागे जहागिरीचे उत्पन्न होते आणि दुसऱ्यामागे दुकानाची मिळकत. तथापि दोघांचेही संग्रह अखेरीस सार्वजनिक झाले. छत्रपती संभाजीनगर येथील महानगरपालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयातही जुनी शस्त्रे, चिलखते व पैठण्या पाहावयास मिळतात.

१९७२ मध्ये भारतात दोन कायदे झाले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या निर्यातीवर बंधने आणली, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या अवयवांपासून केलेल्या वस्तूंचा व्यापार नियंत्रित केला. पुढे हस्तिदंताचा आणि सांबरशिंगाचा व्यापार बंद झाला. सालारजंगांनी ज्या पद्धतीने संग्रह केला, त्या पद्धतीने आज कोणासही करता येणार नाही. हस्तिदंती वा शिंगाच्या मुठीची सुरी पाहण्याचे आणि अभ्यासण्याचे योग्य ठिकाण आता संग्रहालय हेच आहे.