खरखर घालवणारा माणूस

वीज चमकली की रेडिओतून होणारी खरखर आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. ती घालवण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. त्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. लहानपणापासून बिनतारी यंत्रांचे वेड. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ साली, त्यांनी एक युक्ती शोधून काढली. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग पुन्हा आत सोडला, तर क्षीण संदेश कितीतरी पटींनी वाढतो. मात्र प्रमाण चुकले की यंत्र शीळ घालू लागते! पहिल्या महायुद्धात ते सैन्याबरोबर पॅरिसला होते. तेथे १९१८ साली त्यांनी सुपरहेटरोडाइन पद्धत शोधली. पुढे घरोघरचे रेडिओ तिच्यावरच चालू लागले.

पण खरखर राहिलीच. त्या काळी आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची उंची कमीजास्त करीत. विजेचा कडकडाटही उंचीच बदलतो, मग दोघांना वेगळे कसे करणार? आर्मस्ट्राँग यांनी उंची कायम ठेवली आणि आवाजाप्रमाणे कंपनसंख्या बदलली. घरच्या रेडिओत 'लिमिटर' बसवला. मापावर हात फिरवून वरचे धान्य पाडावे, तसा तो लहरीची जादा उंची छाटतो. त्याबरोबर खरखर जाते. आवाज कंपनसंख्येत असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. हेच एफ.एम. त्याची पेटंटे २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली.

यश आले, पण सुख आले नाही. १९३४ साली सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या शोधाचे श्रेय ली डी फॉरेस्ट यांना दिले. आर्मस्ट्राँग त्या शोधाबद्दल मिळालेले पदक परत करायला गेले. रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेने ते घेतले नाही. १९४५ साली सरकारने एफ.एम.ची जागा बदलली आणि लोकांनी विकत घेतलेले रेडिओ निकामी झाले. १९४८ साली त्यांनी आर.सी.ए. कंपनीवर पेटंटांसाठी दावा लावला. दावा लांबला, पैसा सरला. १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

पत्नी मॅरियन मागे हटल्या नाहीत. लग्नापूर्वी त्या आर.सी.ए.मध्येच सेक्रेटरी होत्या. त्यांनी एकेका कंपनीशी झगडा चालू ठेवला आणि १९६७ साली शेवटचा दावाही जिंकला.

एफ.एम.वर गाणे स्वच्छ ऐकू आले, की या दोघांची आठवण ठेवावी.