शास्त्रज्ञ विदुषी कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवतांचे नाव ऐकलेले नाही अशी भगिनी आपल्या मंडळात बहुधा सापडणार नाही. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक, १९७५ सालच्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा, एवढे तरी आपण जाणतोच. परंतु त्यांची पाठची बहीण कमला हिने विज्ञानाच्या क्षेत्रात तेवढेच मोठे काम करून ठेवले आहे, हे मात्र कित्येकींना ठाऊक नसते. जी बाई वाल, मटकी, दूध आणि नीरा या आपल्या रोजच्या जिनसांवर आयुष्यभर संशोधन करीत राहिली, तिची ओळख आपल्या स्वयंपाकघरांना असू नये, हे काही बरे नव्हे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरची टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची भारतीय विज्ञान संस्था, नवी होती त्या काळात दोघेही तेथे शिकलेले. घरात रसायनशास्त्राचा असा वारसा असल्यामुळे मुलीनेही त्याच वाटेने जावे, हे ओघानेच आले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्या पहिल्या आल्या. आता पुढचे संशोधन बंगलोरलाच करायचे, याविषयी त्यांच्या किंवा वडिलांच्या मनात शंका नव्हती. अर्ज गेला आणि नकार आला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

आपल्या शनिवार पेठेपासून हाकेच्या अंतरावर, बुधवारातल्या भिडेवाड्यात फुले पतिपत्नींनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. त्यानंतर पंचाऐंशी वर्षे लोटली होती. मुली शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, डॉक्टर झाल्या. तरीही विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीला देशातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रयोगशाळेचे दार बंदच होते. आणि हे दार लावून बसलेले गृहस्थ कोणी सामान्य कारकून नव्हते. १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेव्हा त्या संस्थेचे संचालक होते. रामन यांच्या विद्वत्तेपुढे आपण हात जोडतोच. पण मोठ्या माणसाची दृष्टी सगळ्याच बाबतींत मोठी असते असे नाही.

कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या. मला प्रवेश का नाही याचे कारण सांगा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. काळ गांधीजींचा होता आणि सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोचला होता. संचालकांच्या कचेरीपुढे सत्याग्रह करण्यापर्यंत त्यांनी गोष्ट नेली, तेव्हा कोठे रामन नमले. मात्र तेही अटी घालून. पहिले वर्ष ही मुलगी नियमित विद्यार्थिनी म्हणून धरली जाणार नाही, ते परीक्षेचे वर्ष असेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि प्रयोगशाळेतले वातावरण तिच्यामुळे बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! लक्ष दुसऱ्याचे जायचे आणि जबाबदारी मात्र मुलीची, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. कित्येकांना यात त्यांचा विजय दिसतो. त्यांना स्वतःला तो तसा वाटला नाही. पुढे उतारवयातही हा अपमान आपण विसरलो नाही, असे त्यांनी जाहीर सभेत स्पष्ट सांगितले. पण त्या वेळी रुसून परत फिरल्या असत्या तर पुढच्या मुलींची वाट आणखी काही वर्षे अडली असती. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक मोठे शिस्तीचे. त्यांच्या हाताखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करून त्यांनी दूध, कडधान्ये व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभराने रामन यांची खात्री पटली आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाई विशेष प्राविण्यासह एम.एस्सी. झाल्या.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात राहिल्या. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ साली नोबेल मिळवलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. जागा कसली, डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना वापरू दिले. रात्री त्याच टेबलावर तो झोपत असे, असे सांगतात. बंगलोरच्या मानाने ही माणसे मोकळ्या मनाची होती, यात शंका नाही. पण विलायतेला सगळेच आलबेल होते असेही समजू नये. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीचा पूर्ण हक्क दिला तो १९४८ साली!

रिक्टर गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. प्रयोगासाठी घेतला होता बटाटा. चुलीत लाकूड जळते तसे आपण खाल्लेले अन्नही शरीरातील प्रत्येक पेशीत जळत असते, मात्र अत्यंत सावकाश आणि धूर न होता. आगीच्या वेळी विहिरीपासून रांग करून घागरी हातोहात पोचवतात, तसे या ज्वलनात विजेचे सूक्ष्म कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे दिले जातात. त्या रांगेतील एक हात म्हणजे सायटोक्रोम सी नावाचे, लोह असलेले तांबूस प्रथिन. प्राण्यांच्या पेशींत ते असते हे माहीत होते. वनस्पतींच्याही पेशीपेशीत ते असते, हे कमलाबाईंनी दाखवून दिले. चौदा महिन्यांत हे काम पुरे झाले आणि अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध त्यांनी सादर केला. प्रबंधाची जाडी हीच विद्वत्ता असे मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. ब्रिटिश विद्यापीठाची विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

या शोधाला पुढे एक निराळेच महत्त्व आले. आजकाल वर्तमानपत्रांत जनुकांविषयी पुष्कळ छापून येते. आईबापांकडून मुलांकडे जे येते ते जनुकांच्या रूपाने येते, आणि कोणते प्रथिन कसे विणायचे याचा नमुना त्यांतच असतो. म्हणून प्रथिनाची वीण तपासली की नात्याचा सुगावा लागतो. १९६७ साली अमेरिकेतील फिच आणि मार्गोलियाश या शास्त्रज्ञांनी वीस जीवजातींमधील सायटोक्रोम सीची तुलना करून त्यांचा वंशवृक्ष मांडला. या प्रथिनाच्या माळेत माणसाचे मणी १०४. चिंपांझीची माळ मणीन्‌मणी तशीच, घोड्याची बारा ठिकाणी वेगळी. हे काम कमलाबाईंचे नव्हे. पण बटाट्यात आणि माणसात एकच जुने द्रव्य नांदते, हे ज्यांच्यामुळे समजले त्यांत त्यांचा वाटा आहे.

पदवी घेऊन त्या तडक मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, नंतर कुन्नूरच्या आहार संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक, अशा नोकऱ्या झाल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. ते विमागणिती होते. मग त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या.

येथून पुढचे काम आपल्या अगदी जिव्हाळ्याचे. गरिबाला प्रथिने मिळायची ती डाळी-कडधान्यांतून. मग ती अंगी किती लागतात, हा प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन धसास लावला. कित्येक कच्च्या कडधान्यांत असे द्रव्य असते की ते पोटातील ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवते, त्यामुळे खाल्लेले पचत नाही. वालात तर आणखी एक द्रव्य निघाले. ते रक्तातील तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते. त्यांच्या प्रयोगशाळेने ते वेगळे काढून उंदरांना चारून पाहिले. चांगली आच दिली की ही द्रव्ये बहुतांशी निकामी होतात. वाल भिजवून, मोड काढून, सोलून, मऊ शिजवून मग बिरडे करायचे, हा आपल्या आज्यांचा आग्रह उगीच नव्हता. घाईत कचवट ठेवलेली उसळ मुलांना का बाधते, याचेही उत्तर यात आहे.

दुसरे मोठे काम नीरेचे. नीरेचे ग्लास आपणां पुणेकरांना नवे नाहीत. त्या पेयात खरोखर काही सत्त्व आहे काय, हे तपासावे असे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवले. कमलाबाईंनी पुष्कळ वर्षे हा विषय सोडला नाही. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना ती दिल्यास प्रकृती सुधारते, असे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही दुधाच्या प्रतीविषयी त्यांचा सल्ला असे.

एवढे होऊनही संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. विशीत ज्या कारणाने बंगलोरला अडवले होते, तेच कारण पन्नाशीनंतर मुंबईत निराळ्या वेषात उभे राहिले, असे म्हणावे लागते.

मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली, तिच्यात कमलाबाई हिरीरीने काम करू लागल्या. १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्षा होत्या. या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून, ग्राहकाने मालाची पारख करून फसगत कशी टाळावी, याविषयी त्या गृहिणींसाठी लिहीत. १९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार योजला होता. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा डॉ. सत्यवती, म्हणजे एक स्त्रीच होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.