नवऱ्याच्या घरापेक्षा तुरुंग पत्करणारी रखमाबाई

स्त्रीमुक्तीचा विषय निघाला की आमच्या व्यासपीठांवरून सावित्रीमाई, मुक्ता साळवे, ताराबाई शिंदे ही नावे आदराने घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. पण याच मालिकेतले डॉ. रखमाबाईंचे नाव मात्र फारसे ऐकू येत नाही. वकिली करणाऱ्या आम्हाला ते विसरता येत नाही, कारण या बाईने आपली लढाई मुंबईच्या हायकोर्टात लढली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार जातीत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले आणि आई जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या. ब्राह्मणी रूढीने विधवेच्या नशिबी केशवपन आणि अंधारी खोली लिहिली होती. सुतार समाजात मात्र पुनर्विवाहाची मुभा होती. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक होते. अशा घरात मुलगी वाढली तरी बालविवाह काही चुकला नाही. वयाच्या अकराव्या वर्षी तिचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लावले गेले.

लग्नाने शाळा सुटली, पण वाचनाचा नाद सुटला नाही. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून ती घरीच शिकत राहिली. जावयाने शिकून शहाणे व्हावे, ही सासरच्या मंडळींची अपेक्षा दादाजीने धुळीस मिळवली. रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि ज्याला मनाने कधी नवरा मानले नाही त्याच्याकडे जायला त्यांनी साफ नकार दिला.

१८८४ साली दादाजीने बायकोचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला. याच काळात रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात आपले नाव न देता बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रे लिहिली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. अजाण वयात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नांदायला पाठवणे त्यांना रानटीपणाचे वाटले. झाले! सनातन्यांनी धर्म बुडाल्याची बोंब ठोकली. टिळकांचा केसरीही रखमाबाईंच्या विरोधातच उभा राहिला. गंमत अशी, की असा दावा मुळात हिंदू शास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून इथे आला होता. खुद्द इंग्लंडने असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. तरीही आमच्या धर्ममार्तंडांना हे परकीय हत्यार एकदम स्वधर्माचे वाटू लागले, कारण ते बाईवर चालणार होते!

अपिलात खटला फेरसुनावणीला गेला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. बावीस वर्षांच्या बाईचे हे धैर्य पाहून सरकारही पेचात पडले. अखेर १८८८ साली दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला.

मग कामा हॉस्पिटलच्या डॉ. इडिथ पिची आदी हितचिंतकांच्या मदतीने रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार केले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली, ही गोष्ट आम्हाला खटकते. पण रूढीची मुळे किती खोल जातात, हेच त्यातून दिसते. उतारवयातही त्यांनी पडदा पद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्यांचे निधन झाले. त्याआधी चारच महिने हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. याच हक्कासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

पण लढा संपला का? तुरुंगाची शिक्षा १९२३ साली गेली, दावा मात्र त्याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही जिवंत आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कागदावर तो नवरा-बायको दोघांसाठी आहे. पण पोटगी मागणाऱ्या बाईच्या हाती उत्तरादाखल नांदायला येण्याची नोटीस पडते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. अशी नोटीस एखाद्या भगिनीच्या दारात आली, तर शेजारपाजारच्यांनी तिला समजुतीने नांदायला पाठवण्याची घाई करू नये. आधी तिचे म्हणणे ऐकावे, तिला वकील मिळवून द्यावा आणि रखमाबाईची गोष्ट सांगावी.

जयभीम!