शार्ङ्गदेव : गाण्याआधी गर्भ

वेरूळच्या सहलीला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. वसईचा किल्ला रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या आपल्याला तट-बुरुजांचे फारसे अप्रूप वाटत नाही. पण याच देवगिरीवर तेराव्या शतकात एका पंडिताने संगीताचा थोर ग्रंथ लिहिला, आणि त्यात स्वरांच्या आधी गर्भाची वाढ सांगितली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तो पंडित म्हणजे ‘संगीतरत्नाकर’कर्ता शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल यांना यादवांच्या दरबारी आश्रय मिळाला. पुढे राजा सिंघणाच्या कारकिर्दीत (सुमारे १२१० ते १२४७) शार्ङ्गदेव श्रीकरण खात्याचा, म्हणजे राज्याच्या दप्तराचा व हिशेबाचा, प्रमुख झाला. दिवसा जमाखर्च पाहणारा हा अधिकारी वैद्यकही जाणत होता. आर्तांना औषध देत असल्याचे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याने अध्यात्मावर लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध नाही. उरला तो सात अध्यायांचा ‘संगीतरत्नाकर’. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही परंपरा त्याला आजही प्रमाण मानतात.

या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ‘पिंडोत्पत्ती’ नावाचे प्रकरण आहे. पहिल्या महिन्यात गर्भ द्रवरूप असतो, दुसऱ्यात तो घट्ट होतो, तिसऱ्यात दोन हात, दोन पाय व डोके यांचे पाच अंकुर फुटतात, असा क्रम त्यात दिला आहे. संगीताच्या पुस्तकात हे कशासाठी? शार्ङ्गदेवाचा विचार सरळ आहे. गाणे नादातून होते आणि नाद देहातून उठतो. बोलण्याची इच्छा मनाला जागे करते, मन देहातील अग्नीला, अग्नी वायूला. तो वायू वर चढत हृदयात मंद्र, कंठात मध्य आणि मस्तकात तार होतो. मग देह कसा घडला, हे न सांगता स्वर कसा सांगणार? रियाजाशिवाय राग उभा करणाऱ्या उपजत गळ्याला त्याने ‘शारीर’ म्हटले, कारण तो गुण शरीराबरोबरच जन्मतो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा गर्भक्रम शार्ङ्गदेवाचा स्वतःचा शोध नव्हे. पाच अंकुरांची कल्पना सुश्रुतसंहितेत आधीच आहे. शिवाय आजच्या मोजमापात ती बसत नाही. डोक्याची घडण आणि हातापायांचे अंकुर पहिल्या दोन महिन्यांतच होतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात हे दिसणार कसे? ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ अशी बढाई मारण्याने त्या विद्वानाचा मान वाढत नाही.

त्याचा मान आहे तो त्याने विचारलेल्या प्रश्नात. १८२५ मध्ये राट्के या जर्मन शास्त्रज्ञाने डुकराच्या भ्रूणात मानेजवळच्या चिरा दाखवल्या. चौथ्या आठवड्यात मानवी गर्भाच्या मानेच्या जागीही अशाच कमानी उठू लागतात, हे पुढे स्पष्ट झाले. पहिल्या कमानीतून जबडा आणि कानातील हातोडी व ऐरण ही हाडे होतात, दुसरीतून रिकीब, चौथ्या व सहाव्या कमानींतून स्वरयंत्राच्या कूर्चा. म्हणजे गाणारा कंठ आणि ऐकणारा कान एकाच रांगेतल्या कमानींतून घडतात! शार्ङ्गदेवाला हे ठाऊक नव्हते. पण स्वराचे मूळ गर्भात शोधावे, हे त्याला सुचले होते.

कला शाखेत नाव घातले की विज्ञानाशी आपला संबंध संपला, असे आपण सहज धरून चालतो. हिशेब, औषध आणि संगीत एकाच माणसाने सांभाळले, त्याला मात्र अशी भिंत कधी दिसली नाही. ती आपण घातलेली आहे, आणि ती पाडणेही आपल्याच हाती आहे.