४१ वर्षं एकाच आर्ट स्कूलमध्ये: पेन्सिलीनं घर आणि मुंबई टिपणारे चित्रकार धुरंधर

'धुरंधर' म्हटलं की आज आधी रणवीर सिंगचा सिनेमा आठवतो. पण मराठी घरांमध्ये शंभर वर्षांपूर्वी हे आडनाव वेगळ्याच कारणानं माहीत होतं. पुस्तकं, पोस्टकार्डं, जाहिराती, कॅलेंडरं, देवादिकांची चित्रं अशा कितीतरी ठिकाणी कोपऱ्यात एक सही दिसायची. ती सही होती महादेव विश्वनाथ धुरंधर यांची.

आता थेट गोंदियाला जाऊ. गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी इथल्या शाळांमधली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसतात. समोर तांब्या, फळं, एखादी बाटली. हातात पेन्सिल. आधी हलका आकार, मग प्रकाश कुठून येतो ते बघायचं, मग छटा. दुसऱ्या पेपरात स्मरणचित्र, म्हणजे समोर काहीच नाही आणि बाजार किंवा बसस्टँड आठवून काढायचा. आधी रेषा, मग छटा, रंग नंतर, हे वळण महाराष्ट्रात रुजलं ते प्रामुख्यानं मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. आणि त्या शाळेत आयुष्याची ४१ वर्षं घालवणारा माणूस म्हणजे धुरंधर.

कोल्हापूरचा मुलगा मुंबईत

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. घराणं पाठारे प्रभू समाजातलं. कोल्हापूरला तेव्हाही चित्रकलेचं वातावरण होतं. जे. जे.मध्ये शिकलेले आबालाल रहिमान हे त्याच शहरातले.

१८९० च्या जानेवारीत धुरंधर जे. जे.मध्ये दाखल झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ मध्ये सुरू झाली होती. त्या काळी सरकारी आर्ट स्कूल होती चारच: मद्रास, कलकत्ता, मुंबई आणि लाहोर. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातल्या मुलाला चित्रकला शिकायची तर प्रांत सोडूनच जावं लागलं असतं. कोल्हापूरच्या मुलाला निदान मुंबई जवळ होती.

प्रिन्सिपल होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं करून घेणारे तेच. शिक्षणाची पद्धत लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची होती आणि ती कडक होती. आधी सरळ रेषा, भूमिती, नक्षी. मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन. मग त्याच पुतळ्यांचं शेडिंग. एका नाकावर, एका कानावर दिवसच्या दिवस जायचे. ऑइल पेंटपर्यंत पोहोचायच्या आधी विद्यार्थी ढीगभर कागद काळे करायचा.

कंटाळवाणं वाटतं ना? होतंच. ग्रीक देवांचे पांढरे पुतळे काढून भारतीय मुलांना काय मिळणार, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आणि तो रास्तच होता. पण पांढऱ्या प्लास्टरला रंगच नसतो, त्यामुळे डोळ्यांना फक्त उजेड आणि सावली दिसते. धुरंधरांच्या चित्रांतल्या नऊवारीच्या चुण्या इतक्या खऱ्या का वाटतात, याचं बरंचसं उत्तर या कंटाळवाण्या तासांत आहे.

कोरडी माध्यमं म्हणजे नेमकं काय?

पाणी किंवा तेल न घालता वापरायची माध्यमं म्हणजे कोरडी माध्यमं. पेन्सिल, चारकोल, खडू, पेस्टल वगैरे.

चारकोल म्हणजे कोळसाच, पण चुलीतला नव्हे. बारीक काड्या बंद डब्यात, हवा लागू न देता भाजायच्या. हवा नसल्यामुळे लाकूड जळून राख होत नाही, काडीचा आकार तसाच राहतो आणि आत फक्त काळा, ठिसूळ कोळसा उरतो. परदेशात यासाठी विलोच्या काड्या वापरतात. हा कोळसा कागदावर नुसता टेकून बसतो. बोटानं पसरतो, फुंकर मारली तरी थोडा उडतो. म्हणून चूक सुधारणं सोपं असतं आणि चित्र टिकवणं अवघड.

पेन्सिलचं उलटं. तिच्यात शिसं नसतंच, असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. माती जास्त तर टोक टणक आणि रेघ फिकट. ग्राफाइट जास्त तर टोक मऊ आणि रेघ गडद. पेन्सिलच्या पाठीवरचं एच आणि बी यासाठीच असतं.

शेडिंग मऊ करायला कागदाची घट्ट गुंडाळी वापरायचे, तिला स्टंप म्हणतात. आजचे मऊ खोडरबर सर्रास मिळत नव्हते तेव्हा चारकोल टिपायला पावाचा मऊ भाग वापरायचे. चित्र झालं की काळी पूड जागेवर बसवायला त्यावर फिक्सेटिव्ह फवारायचे. हे बहुतेकदा स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख असायची. हो, तीच लाख, जी गोंदियाच्या जंगलपट्ट्यात पळसावर आणि कुसुमावर घेतली जाते. चित्रकाराच्या कागदावरचा कोळसा धरून ठेवायला झाडावरच्या किड्याची लाख कामी यायची, हे चित्रं बघताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

कोरड्या माध्यमांचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे थांबावं लागत नाही. तेलरंग वाळायला दिवस लागतात, जलरंगाला पाणी, ब्रश आणि पॅलेट लागतं. पेन्सिलीला खिसा पुरतो. रस्त्यात माणूस दिसला, काढला, तो निघून गेला. एवढ्या वेळात रंगाची बाटलीसुद्धा उघडून होत नाही.

सुवर्णपदक आणि प्लेग

१८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक धुरंधरांना मिळालं. शाळेत येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. ज्या प्रदर्शनात युरोपियन चित्रकार मांडायचे, तिथे एका भारतीय विद्यार्थ्यानं बाजी मारली होती. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

ते साल मुंबईसाठी वाईट निघालं. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले आणि काही महिन्यांत शहर रिकामं व्हायला लागलं. लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडे पळत होते. घरांची झडती, सक्तीची इस्पितळं, रेल्वे स्टेशनवर तपासणी. १८९७ मध्ये धुरंधरांच्या पत्नी बापूबाई प्लेगनं गेल्या. नोकरी लागून फार तर एखादं वर्ष झालं होतं, आणि धुरंधर तिशीचे होते.

पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. गंगूबाई घरात आल्या, आणि इथून धुरंधरांच्या कामाचा असा एक भाग सुरू होतो जो त्यांच्या हयातीत बाहेरच्या कुणी फारसा बघितलाच नाही.

घरातली मॉडेल

त्या काळात मॉडेल मिळवणं ही मोठी अडचण होती. परक्या पुरुषासमोर तासन् तास बसायला घरंदाज स्त्री तयार होणं जवळपास अशक्य होतं. जे. जे.मध्ये जिवंत मॉडेलवरून नग्न अभ्यासाचा रीतसर वर्ग सुरू झाला तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन आल्यानंतर, म्हणजे १९१९ नंतर. तोवर पुतळ्यांवर भागवायचं.

धुरंधरांनी घरातच उत्तर शोधलं. ते पत्नीला काढत राहिले. बसलेली, वळून बघणारी, पदर सावरणारी, कामात असलेली. बहुतेक पेन्सिलीत, झटपट, आणि खाली तारीख टाकून. ही रेखाटनं विकायची नव्हती, प्रदर्शनात मांडायची नव्हती. ती त्यांची रोजची तालीम होती. मोठ्या चित्रात एखादी राणी किंवा अप्सरा मान वळवते, तेव्हा त्या वळणामागे अशी घरातली कागदं असतात.

धुरंधरांची कित्येक तेलरंगातली चित्रं आज थोडी नाटकी वाटतात. पौराणिक प्रसंग, दागिने, हातवारे, सगळं रंगमंचावर मांडल्यासारखं. राजा रविवर्म्यांचा प्रभाव लपत नाही. पेन्सिलीतली माणसं मात्र अजिबात नाटक करत नाहीत. त्यांना आपलं चित्र निघतंय याची जणू खबरच नाही. या माणसाचं खरं काम बघायचं असेल तर आधी रेखाटनं बघावीत आणि मग तेलरंगांकडे वळावं.

रस्त्यावरची मुंबई

घराबाहेरही तेच. मुंबई तेव्हा देशभरातल्या माणसांनी भरत चालली होती. पगड्या, टोप्या, साड्या नेसायच्या तऱ्हा, नथी, चालण्याच्या लकबी. कोण कुठल्या जातीचं, कुठल्या गावचं, काय धंदा करतं हे कपड्यांवरून कळायचं. धुरंधर हे सगळं टिपत राहिले आणि हा साठा पुस्तकांत उतरला.

एस. एम. एडवर्ड्स यांचं मुंबईवरचं पुस्तक १९१२ मध्ये आलं, सी. ए. किंकेड यांचं दख्खनच्या कहाण्यांचं पुस्तक १९१४ मध्ये. दोन्हींत चित्रं धुरंधरांची. १९२० मध्ये ऑटो रॉथफेल्ड यांचं भारतातल्या स्त्रियांवरचं पुस्तक निघालं, त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं होती. मजकूर साहेबाच्या चष्म्यातून लिहिलेला आहे, आज वाचताना काही ठिकाणी खटकतो. चित्रं अजून बघावीशी वाटतात.

पोस्टकार्डांत तर त्यांनी चक्क विनोद केला. मुंबईच्या रस्त्यावरचे नमुने त्यांनी हलक्या हातानं रंगवले आणि ती कार्डं टपालानं कुठल्या कुठे पोहोचली. आजचं मीम समजा. एकाच हाताची ही सगळी कामं, आणि सगळ्यांच्या मुळाशी तीच पेन्सिल.

मोठी कामंही आली. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. शिवराज्याभिषेकाचं त्यांचं चित्र मराठी माणसानं कुठे ना कुठे पाहिलेलंच असतं. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथल्या सचिवालयातल्या विधी सदस्यांच्या दालनासाठी हिंदू आणि मुस्लिम कायद्यातले प्रसंग त्यांनी रंगवले. सरकारनं 'रावबहादूर' हा किताब दिला.

पण खुर्ची?

किताब मिळाला तरी शाळेतली सगळ्यात वरची खुर्ची साहेबाचीच राहिली. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, बर्न्स गेले, सॉलोमन आले. धुरंधर शिकवत राहिले, हेडमास्तर झाले, त्यांच्या हाताखालून पिढ्या गेल्या. १९३० मध्ये सॉलोमन रजेवर असताना धुरंधरांनी काही काळ संचालकपदाचं काम पाहिलं. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. तेही हंगामी, आणि निवृत्ती जेमतेम वर्षभरावर आलेली असताना. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले.

१९४० मध्ये त्यांनी आठवणी लिहिल्या. पुस्तकाचं नाव 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्यापासूनची वर्षं त्यांनी मोजली आहेत. शिकण्याची आणि शिकवण्याची वर्षं त्यांनी वेगळी धरली नाहीत, हे नावातच दिसतं.

१ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर हवा झपाट्यानं बदलली. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आला आणि हुबेहूब चित्रण जुनाट ठरलं. साहेबाच्या शाळेचा चित्रकार म्हणून धुरंधर बाजूला पडले. हे थोडं अन्यायाचंच होतं, कारण गायतोंडे, रझा, आरा, सुझा यांच्या काळातल्या मुंबईच्या कलाविश्वाची पायाभरणी ज्यांनी केली, त्यांत धुरंधरही होते.

कागद सांभाळले ते मुलीनं. अंबिका धुरंधर १९१२ मध्ये जन्मल्या, वडिलांच्याच शाळेत शिकल्या आणि १९३१ मध्ये, वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, पदविका घेऊन बाहेर पडल्या. स्वतः चित्रकार असलेल्या अंबिकाबाईंनी लग्न केलं नाही. वडिलांची चित्रं आणि रेखाटनं त्यांनी अनेक दशकं जपली. कोरड्या माध्यमातलं काम जपणं म्हणजे दमट मुंबईत कागदाला बुरशी आणि वाळवीपासून वाचवत राहणं. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'माझी स्मरणचित्रे' असं नाव दिलं. ग्रेड परीक्षेला बसलेल्या कुठल्याही मुलाला हा शब्द लगेच कळेल. २००९ मध्ये त्या गेल्या.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं. तेलरंग होते, जलरंग होते, पोस्टकार्डं होती. आणि एरवी घराबाहेर न पडलेली पेन्सिलीची कागदंही भिंतीवर होती, कोपऱ्यात त्यांनी स्वतः टाकलेल्या तारखांसकट.