पंजाबराव देशमुख : जमिनीची भूक ओळखणारा वऱ्हाडचा कृषिमंत्री

सेमाडोहच्या जंगलात सागाला कुणी खताची गोणी टाकत नाही. तरी दर पावसाळ्यात सिपना नदीचा काठ हिरवागार होतो. गळलेला पाला तिथंच कुजतो आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा मातीत मिसळतो. पण मेळघाट उतरून वऱ्हाडच्या काळ्या रानात आलं की हे चक्र तुटतं. सरकी, ज्वारी, तूर बाजारात जाते. पऱ्हाटी चुलीत जळते, शेणाच्या गोवऱ्या होतात. मातीतून गेलेला नायट्रोजन परत येतच नाही.

याच काळ्या रानातल्या पापळ गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबराव देशमुख यांचा जन्म झाला. शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून विलायतेला गेला, ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवून बॅरिस्टर झाला. अमरावतीला परतल्यावर १९२७ मध्ये त्यांनी अंबादेवी मंदिर सर्वांसाठी खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह केला. १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना सावकारी कर्जात तडजोड घडवणाऱ्या कायद्यासाठी ते झटले. पुढे ते संविधान सभेतही होते.

हवेत भरपूर, पिकाला मात्र मिळेना

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला तो थेट घेता येत नाही. विजेच्या कडकडाटात थोडासा सुटतो. तूर, मूग, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू बराच बांधून देतात. तिसरा मार्ग कारखान्याचा. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी शोधला.

भारतात सिंद्रीचा कारखाना ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू झाला. वर्षाला साडेतीन लाख टन अमोनियम सल्फेट तयार करण्याची त्याची क्षमता होती. या खतात नायट्रोजन असतो जेमतेम २१ टक्के. काही महिन्यांनी, १९५२ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेलेले पंजाबराव केंद्रात कृषिमंत्री झाले.

गोणी आणि कंपोस्ट, दोन्ही

देशात धान्याचा तुटवडा होता. खत कारखान्यात तयार झालं, तरी ते कसं आणि किती वापरायचं हे बांधापर्यंत पोहोचणं बाकी होतं. पंजाबरावांनी १९५३ पासून भातशेतीच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रचार केला. गादीवाफ्यावर रोपं, कमी बियाणं, ओळीत लागवड आणि वेळेवर निंदण. आधी कंपोस्ट किंवा हिरवळीचं खत, त्याच्या जोडीला अमोनियम सल्फेट. म्हणजे जंगलाची रीत आणि कारखान्याची गोणी एकाच शेतात.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरही आले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी पंजाबरावांचं निधन झालं. हरितक्रांती आणि युरियाचा सुकाळ त्यानंतरचा. आता प्रश्न उलटा आहे : गोणी सहज मिळते, पण शेणखत कमी पडतं आणि टाकलेल्या युरियातला बराच नायट्रोजन पाण्यासोबत वाहून जातो किंवा हवेत उडतो. १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. आणि वऱ्हाडातला शेतकरी कपाशीच्या ओळींमध्ये अजूनही तुरीचं तास धरतो.